राळेगावचं उत्तर वाचायचं राहिलं

अगं माय, हा आवाजी निरोप शेवटपर्यंत ऐक. फोन कायले उचलत नाहीस तू? मावशी आहे मी तुझी, कंपनीची जाहिरात नाही.

त्या दिवशी माझ्या सिकलसेलवाल्या नातीला यवतमाळच्या दवाखान्यात रक्त पाहिजे होतं, आणि तिच्या गटाचं तिथे नव्हतं. रक्तदात्यांचं वेबपान मीच पीएचपी ही संगणकाची भाषा शिकून बनवलेलं. त्यात गट टाकला, तर 'कळंब : कोणी नाही', आणि खाली सगळं कोरं. राळेगाव वेगळं विचारणारी ओळ त्याखाली घातली, तर डेटाबेस एररच देऊन राह्यला. दवाखान्यातून फोनवर लेक रडत होती, "आई, भेटलं का कोणी?"

मग ध्यानात आलं. एकाच हाकेत मी आधीच दोन्ही तालुके विचारले होते, म्हणजे उत्तरंही दोन आली होती. मी पहिलं वाचून थांबले, दुसरं तसंच पडून होतं. आपल्याकडे पहिल्या पंगतीच्या पत्रावळी उचलल्याशिवाय दुसरी पंगत बसवतात काय? पहिलं उत्तर मोकळं केलं, 'पुढचा निकाल घे' अशी ओळ लिहिली, आणि राळेगावचे एक मास्तर दिसले. त्यांना फोन लावला, तर ते मिळेल त्या एसटीनं रक्त द्यायला निघाले.

नात सध्या घरी आहे. पण रक्त पुन्हा लागणारच, आणि माझी नजर आता अक्षरांवर ठरत नाही. माझ्यामागे हे पान बंद पडलं तर, या विचारानं जीव घाबरतो. तू शिकून घे, माय. या रविवारीच ये.