सलीमभाईंची परीक्षा आणि मी

हसू नका, असं मी म्हणणार नाही. हसालच. फक्त चहाचा कप आधी खाली ठेवा, कारण हा घोळ ऐकताना आमच्या शेजाऱ्यांना ठसका लागला होता.

मला रिटायर होऊन वर्ष झालं आणि घरात माझा जाच व्हायला लागला. म्हणजे हे सौ.चं म्हणणं. कुकरच्या शिट्ट्या मोजून मी तिला सूचना द्यायचो, यात माझं काय चुकलं? पण तिनेच कुठून तरी पत्ता काढला आणि मला बाग सेवनियातल्या एका प्रशिक्षण केंद्रात परीक्षक म्हणून चिकटवून दिलं.

काम झकास होतं. वर्षानुवर्षं काम करून शिकलेले, पण हातात कागद नसलेले कारागीर तिथे यायचे. त्यांनी काम करून दाखवायचं, परीक्षकाने बघायचं, जमलं तर सर्टिफिकेट. शाळा किती शिकलात, कुणी विचारत नाही. परीक्षकाने मात्र कशाला हात लावायचा नाही, नुसतं बघायचं, हे शिकवायला आम्हाला दोन दिवसांचं ट्रेनिंग ठेवलं होतं. बसायचं कसं, याचं ट्रेनिंग! आनंद नगरजवळच्या त्या अवाढव्य कारखान्यात छत्तीस वर्षं इंजिनिअर असलेल्या माणसाला! मी दुसऱ्या दिवशी गेलोच नाही.

तर पहिलेच उमेदवार सलीमभाई. हबीबगंज भागातल्या एका खासगी दवाखान्याची सगळी वायरिंग सव्वीस वर्षं यांच्या हातची. आता तिथे नवा ठेकेदार आला होता. त्याने सांगितलं, एक तारखेपासून सर्टिफिकेट नसेल तर गेटच्या आत यायचं नाही. बिचारे इस्त्रीचा शर्ट घालून आले होते.

टॅबलेटवर आधी दोन फोटो काढायचे होते. आता तुम्हीच सांगा, पहिला फोटो कुणाचा असणार? साहेबांचाच ना? मी पहिल्या चौकटीत माझा काढला, दुसऱ्या चौकटीत त्यांचा. वर काय लिहिलंय ते वाचायची मला सवय नाही. मग टॅबलेट स्टँडवर लावला आणि रेकॉर्डिंग सुरू केलं.

काम साधं होतं. लाकडी बोर्डवर जिन्याचा दिवा जोडायचा, म्हणजे खालच्या बटणाने लावला की वरच्या बटणाने बंद करता आला पाहिजे. सलीमभाईंनी वायर उचलली आणि चक्क दातांनी सोलली. मी ओरडलो. त्यांनी शांतपणे पक्कड घेतली आणि सरळ जोडायलाच लागले. मी म्हटलं, पहले डायग्राम बनाइए.

"साब, डायग्राम तो दिमाग में है. आप बटन दबा के देख लो."

आणि खरंच, पाच मिनिटांत सगळं जोडून, हात मागे बांधून उभे राहिले.

पण त्यांनी काय जोडलंय ते मला समजेना. आता मला समजत नाही म्हणजे ते चूक, हा माझा कारखान्यापासूनचा खाक्या. बटण दाबून बघायच्या आधीच मी उठलो, सगळं सोडवलं आणि म्हटलं, बघा, असं करतात. छत्तीस वर्षांत मी हजारो नकाशांवर सह्या केल्या. स्क्रूड्रायव्हर मात्र फक्त श्रीखंडाचा डबा उघडायला वापरला, हे त्या क्षणी आठवायला हवं होतं.

सलीमभाई मागून हळूच सांगत होते की ती लाल वायर तिकडे जाते. मी "मालूम है" म्हणायचो आणि तिसरीकडेच लावायचो. असं चारदा झालं. शेवटी मी थाटात बटण दाबलं आणि अख्ख्या केंद्राची लाइट गेली. शेजारच्या शिवणवर्गातल्या मशिनी बंद पडल्या, बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. सलीमभाईंनी मेन स्विच चढवला, दोन वायरी बदलल्या, आणि दिवा खालून लागला, वरून विझला. मी मोठ्या मनाने त्यांना पास केलं. दातांचे दोन मार्क तेवढे कापले.

आठ दिवसांनी सलीमभाईंचा फोन. आवाज पार पडलेला.

"साब, मैं तो फेल हो गया. परसों पहली तारीख़ है."

मी तावातावाने मुख्य कार्यालयाला फोन लावला. तिकडच्या बाईंनी सांगितलं की सगळे व्हिडिओ त्या स्वतः तपासतात. परीक्षकांनी नियम मोडून आधी पाच मिनिटांत करून दाखवलं, तरी उमेदवाराला जमलं नाही. हातमोजे नाहीत, कुणाचं ऐकून घेणं नाही, चारदा चूक, वर केंद्राची वीज घालवली.

"उम्मीदवार वही हैं ना, सफ़ेद बाल, चश्मा? पहली फ़ोटो उन्हीं की है."

म्हणजे ती पहिली चौकट उमेदवाराची होती! कसंबसं म्हटलं, काहीतरी तांत्रिक चूक झालीय. त्या म्हणाल्या, मग तसं लेखी द्या.

तासभर कागद घेऊन बसलो. "काही गोंधळ झाला" असं लिहिलं, खोडलं. "संबंधित व्यक्ती" असं लिहिलं, तेही खोडलं. संबंधित व्यक्तीचं नाव आल्याशिवाय सलीमभाईंसाठी ते गेट काही उघडणार नव्हतं, आणि लाज वाटली तरी माझ्यामुळे त्या माणसाची रोजी जाणं मला सहन होणारं नव्हतं. शेवटी लिहिलं की पहिल्या पाच मिनिटांत काम करणारे ते सलीमभाई, आणि वीज घालवणारा इसम मी, परीक्षक. खाली सही ठोकली.

सलीमभाईंचं सर्टिफिकेट एक तारखेच्या सकाळी आलं. गेटमधून आत गेल्यावर त्यांनी फोन केला, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

परीक्षकांच्या यादीतून माझं नाव उडालं, ते ठीकच. पण त्यांच्या यंत्रणेत एकदा चढलेला निकाल काढता येत नाही म्हणे, फक्त योग्य माणसाच्या नावावर वळवता येतो. त्यामुळे परवा माझ्या नावाचं पाकीट आलं. सौ.ने फोडलं आणि मोठ्याने वाचलं: उमेदवार अद्याप सक्षम नाही. एखाद्या अनुभवी कारागिराच्या हाताखाली काही वर्षं काम शिकावं आणि पुन्हा परीक्षेला बसावं.

तिने कागदाची नीट घडी घातली आणि माझ्या पेन्शनच्या फाइलमध्ये ठेवली.

"बरं झालं," ती म्हणाली, "हा निकाल तुम्ही रिटायर झाल्यावर लागला."