बोंडअळीच्या औषधाची अफवा

सेलूकडची ती घटना मी अजून विसरलेलो नाही. सत्तरचं दशक संपत आलं होतं. वर्ध्याचा एक तरुण संशोधक तिकडच्या एका गावात कपाशीवर बोंडअळीचं नवं औषध फवारून पाहत होता. एका सकाळी गेला तो दुसऱ्या दिवशीही परतला नाही. वडिलांनी ठाण्यात खबर दिली, ठाणे अंमलदाराने बेपत्ता म्हणून नोंद घेतली आणि तपास माझ्याकडे आला.

बसस्टँडवरच्या चहावाल्याने हळूच सांगितलं, "साहेब, त्या गावातले लोकं लय भडकून राह्यले. त्या दवाईनं बायकायले लेकरं होत नाई म्हनते."

मी चरकलो. नसबंदीच्या सक्तीची धास्ती तेव्हा गावोगाव ताजी होती. माणूस जिवंत सापडेल याची खात्री वाटेना.

गावात सगळ्यांचं एकच उत्तर, "आमाले काई मालूम नाई." फवारणीचं शेत ज्यांचं होतं त्या घरच्या म्हातारीचा जबाब घेतला. तीही नाहीच म्हणाली, पण दर वाक्याला मुलाकडे बघायची. मी मुलाला बाहेर पाठवलं, आवाज खाली आणला.

"आजी, भीती कशाची वाटते?"

तिला रडू फुटलं. "सून पोटुशी हाय साहेब. त्याच वावरात निंदाले जात होती. लोकं काठ्या घेऊन आले, त्यात माया पोरगाबी होता. मारूनच टाकलं असतं त्यायनं. म्या त्या मानसाले कापसाच्या खोलीत कोंडलं, अन् पळाला म्हनून सांगतलं सगळ्यायले. खरं बोलली तं तुमी पोराले धरून न्याल."

कुलूप काढलं. कापसाच्या ढिगावर तो बसला होता. अंगावर ओरखडाही नव्हता. म्हातारी त्याला वेळेवर भाकरी देत होती. मला हायसं वाटलं.

म्हातारीनं त्यालाच विचारलं, "माया सुनेले काई होईन का?"

"नाही आजी. अळीच्या अंगात एक हार्मोन असतं. ते असेपर्यंत ती अळीच राहते. आमचं औषध त्याची नक्कल आहे. अळीचं पाखरू होत नाही, मग अंडी कोण घालणार? माणसाच्या अंगात ते हार्मोनच नसतं."

"मंग बाप्पा, हे पयले काऊन नाई सांगतलं?"

या औषधानं पुढची पिढी होत नाही, एवढंच तो गावात बोलला होता.

त्यानं तक्रार दिली नाही. मुलाला मी समज देऊन सोडलं. सुनेला वर्ध्याला दवाखान्यात दाखवलं. पुढे बाळ-बाळंतीण सुखरूप असल्याचा निरोप आला.

खोटं बोलणारा प्रत्येक जण गुन्हेगार नसतो, पुष्कळदा तो नुसता घाबरलेला असतो, हे मी तिथे शिकलो. कायद्याच्या भाषेत त्या बाईनं एका माणसाला डांबून ठेवलं होतं. तो जिवंत घरी गेला, तो त्यामुळेच.