सिग्नलवरची थरथर

सिग्नलला माझी छोटी गाडी नेहमीसारखी आपोआप बंद झाली आणि शेजारी बसलेले बाबा दचकले. "बंद पडली का गं?"

"नाही बाबा, पेट्रोल वाचवते. ब्रेकवरचा पाय उचलला की होईल सुरू."

पलीकडे लांब नाकाची जुनी गाडी उभी होती, बाबांची होती तशीच. जागच्या जागी थरथरत, गुरगुरत. थांबायचं म्हणजे गप्प व्हायचं, हे तिला कुणी शिकवलंच नसावं. बाबा काच खाली करून ऐकत राहिले. आमच्या बंद गाडीच्या शांततेत मला माझाच डावा गुडघा हलताना दिसला. जेवतानाही हलतो, आई रागावते. मी त्यावर हात दाबला.

"हलू दे," बाबा बाहेर बघतच म्हणाले, "गाडी बंद आहे. कुणीतरी चालू राहायला हवं."