आईला सांगितलेला सिनेमा

सिनेमा आईनेच निवडला. टीव्हीवरच्या चित्रात एक बाई तव्यावर भाकरीसारखं काहीतरी टाकत होती. "ही आपल्यातली दिसायलीय, हेच लाव," आई म्हणाली. शेजारच्या मावशी तूर निवडायला आपलं सूप घेऊन आल्याच होत्या. मी परभणीतल्या एका शाळेत इंग्रजी शिकवते. त्यामुळे परदेशी सिनेमा मराठीत सांगायचं काम आमच्या घरी माझ्याकडे असतं, आणि त्याचा मला थोडा माजही आहे.

दहाव्या मिनिटाला माज उतरला. ती बाई, तिचा नवरा आणि लहान मुलगी अमेरिकेत कागदपत्रांशिवाय राहत होती, आणि सकाळी सकाळी त्यांच्या दारात सरकारी अधिकारी येऊन उभे राहिले. एरवी मी नीट सांगितलं असतं. पण माझ्या धाकट्या भावाची तिकडची नोकरी महिन्यापूर्वी गेली होती. आणखी महिनाभरात दुसरी मिळाली नाही, तर बायको-मुलीसह देश सोडायचा. हे फक्त मला माहीत होतं. "आईला सांगू नको ताई, तिचं बीपी वाढेल," असं त्याने बजावलं होतं. त्याचे कागद अजून चालू होते, पण आईच्या बीपीला हा फरक कोण समजावणार?

"हे कोन?" मावशींनी विचारलं.

"जनगणनावाले."

"बंदुका घेऊन?"

"तिकडं कुत्री लय असतात."

"आपल्या गल्लीत बी पाठवा म्हनावं," मावशी म्हणाल्या.

अधिकाऱ्यांनी नवऱ्याला हातकड्या घालून नेलं. मी म्हणाले, साथ आलीय, दवाखान्यात नेतायत.

"हात बांधून?"

"इंजेक्शनला घाबरतो."

पुढे बायको काचेच्या अलीकडून त्याच्याशी फोनवर बोलायला लागली. मी काही रचायच्या आत मावशीच म्हणाल्या, "संसर्गाची काच हाय ती. करोनात आमच्या ह्यांना मी असंच बघितलं." त्यांनी डोळ्याला पदर लावला आणि मला माझीच लाज वाटली. पण आता मागे फिरायची सोय राहिली नव्हती.

शेवटी माणसांची रांग विमानात चढली. नवरा त्यातच होता. "बरे झालेल्यांना सहलीला नेतायत," मी ठोकून दिलं.

"फुकट?"

"फुकट."

"सरकार असावं तर असं," म्हणत मावशी सूप उचलून घरी गेल्या.

एकदा निवडलेली तूर आई पुन्हा निवडत बसली होती, हे माझ्या तेव्हा कुठे लक्षात आलं.

"फोन लाव त्याला," ती म्हणाली.

"कशाला?"

"एतवारी फोन करनारं पोरगं महिना झाला रोज बोलायलंय. ते बी तिकडच्या हापिसाच्या वक्ताला. मला इंग्रजी येत न्हाई, वार कळतेत."

पहिल्याच रिंगला त्याने उचलला. आईने जेवलास का हेही विचारलं नाही. "नोकरी गेली न्हवं? पकडायला कुनी यायच्या आदी घरी ये."

तो घाबरला. "आई, मला कुणी पकडत नाही. ताईने काय सांगितलं तुला?"

"तिनं जनगणना सांगितली."

मला हसू फुटलं. आई हसली नाही. "लेकराला सांगितलंस का?"

त्याची मुलगी सहा वर्षांची आहे. जन्म तिकडचा, शाळा तिकडची, मैत्रिणीही तिकडच्याच. आज्जीला ती फक्त फोनवर ओळखते.

"सांगितलंय," तो म्हणाला. "आपण आज्जीकडे सहलीला चाललोय म्हणून."

आईने माझ्याकडे बघितलं. मग फोनमध्ये म्हणाली, "अन् सहल कवा संपनार, असं इचारलं तिनं तर?"

आईने फोन माझ्यापुढे धरला. "तू सांग त्याला. तुला लय सुचतंय."

मी फोन घेतला. तो पलीकडे वाट बघत होता, आणि मला काहीसुद्धा सुचलं नाही.