लतीफाबाईंचं मार्जिन

समोरच्या घरातली बातमी मला नागपूरहून कळली. सकाळी चहाचं आधण ठेवलं होतं, तेवढ्यात माझ्या मुलीचा, पल्लवीचा फोन आला. ती नुसती हुंदके देत होती. "आई, आपा गेली... इरफानचा फोन आलता." मी खिडकीतून पाहिलं, तर तिच्या आपाच्या, म्हणजे लतीफाबाईंच्या दारात चपलांचा ढीग. अहेरीत आमच्या दोघींच्या घरांमध्ये एक बोळ, तोही सायकल जाईल एवढाच. तरी इरफाननं आपली आई गेल्याचं आधी माझ्या मुलीला कळवलं. महिना उलटून गेला, पण ते मला अजून बोचतं आहे.

लतीफाबाई शिवणकाम करायच्या. गळ्यात टेप, हातभर बांगड्या आणि अख्ख्या आळीला ऐकू जाईल असा आवाज. त्यांच्या तोंडी इंग्रजी शब्द एकच, मार्जिन. पुढे कपडा सैल करता यावा म्हणून शिवणीच्या आत जास्तीचं कापड ठेवतात, ते मार्जिन. पण बाईंनी हा शब्द गावभर फिरवला. एटापल्लीची गाडी धरायची तर, "मार्जिन ठेवून निघा जी." वरात येणार तर भाताला मार्जिन. सासूशी भांडून आलेल्या एका सुनेला त्यांनी माझ्यादेखत सांगितलं, "बोलतानी मार्जिन ठेवत जाय. सगळं आजच बोलून टाकशीन तं उद्या काय बोलशीन?"

मी शाळेत इंग्रजी शिकवत होते. माझं मार्जिन म्हणजे वहीतली डावीकडची जागा. तिथे कोणी अक्षर घातलं की मी मार्क कापायची. एकदा बाईंनी पल्लवीची वही उचलून विचारलं, "बाई, हे जागा रिकामी काऊन?"

"ते माह्या लाल पेनासाठी असते," मी म्हटलं.

त्या इतक्या हसल्या, की पल्लवीही हसायला लागली. माझी मुलगी मला हसत होती, त्यांच्या मांडीला मांडी लावून.

शाळा सुटली की ती त्यांच्याकडेच. हुक लाव, काज कर, आणि दिवसभराचं सगळं तिथेच सांग. मला घरी येऊन "काही नाई" एवढंच. मी हौसेनं आणलेला शब्दकोश तिनं कधी उघडला नाही, मार्जिन मात्र उठताबसता. बारावीनंतर "मले मास्तरीण नाई व्हायचं" म्हणाली, तेव्हा माझा आवाज चढला आणि लतीफाबाई बोळ ओलांडून आल्या. "बाई, पोरगी वाढून राह्यली. तिच्यासाठी थोडं मार्जिन ठेवा ना." माझ्या घरात, माझ्या मुलीबद्दल, मलाच! मी कित्येक दिवस त्यांच्याशी बोलले नाही. आज पल्लवीचं नागपुरात बुटीक आहे, छान चालतं. उद्घाटनाची फीत कोणी कापली ते सांगायला नको.

ब्लाउज मात्र मी त्यांच्याकडूनच शिवून घेतले. त्यांच्यासारखा हात दुसऱ्या कोणाचा नव्हता, हे मलाही कबूल. पण दर वेळी बजावायची, "मले मार्जिन नको. आत कापड कोंबलं की टोचते." त्या मान हलवायच्या... आणि मला वाटायचं, ऐकलं बाईंनी.

परवा चाळिसाव्याला पल्लवी आली. दिवसभर त्या घरात बसली, त्यांच्या मशीनवर डोकं टेकून रडली आणि सुजलेल्या डोळ्यांनी माझ्याकडे परतली. माझ्यासाठी रडेल का ही एवढं? विचारायचं धाडस झालं नाही. फणकाऱ्यानं कपाट उघडलं आणि एक ब्लाउज तिच्यापुढे टाकला. "हा दाटते. जमलं तं सैल करून दे."

तिनं तो उलटा केला आणि थांबली. दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं कापड, नीट दुमडलेलं, आणि टोचू नये म्हणून त्यावर मलमलीची मऊ पट्टी शिवलेली.

"एवढं?" पल्लवी म्हणाली. पट्टीवरून तिचं बोट फिरत राहिलं. "माह्या एकाही ब्लाउजात आपानं एवढं मार्जिन नाई ठेवलं, आई. पट्टी तं कधीच नाई लावली."

तिच्या आवाजातली ती बोच मी लगेच ओळखली. इतकी वर्षं ती माझीच होती.

कपाटातले उरलेले सगळे ब्लाउज काढून मी तिच्या मांडीवर ठेवले. "हे बी उलटून पाय," म्हटलं.