बिनहाराची गाडी

समस्त सोलापूरकरांस अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, गेल्या दसऱ्याला शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरी झेंडूच्या एका हारावरून युद्ध पेटलं. मी ते पायरीवर बसून, चहा पीत, मनसोक्त पाहिलं.

आईचा नियम जुना. दसऱ्याला घरातल्या यंत्रांची, वाहनांची पूजा तीच करते. पण ज्याचा शेवटचा हप्ता गेला, त्याचीच. वडील गिरणीत होते तेव्हा शिलाई मशीन, सायकल, रेडिओ, पंखा अशी सगळी रांग नटायची. हप्ता असलाच तर एखादा, पगाराला चिमटा काढण्यापुरता. माझ्या काळात पगार वाढला, पण हप्ते त्याच्याहून जोरात वाढले. घर, गाडी, फ्रीज, फोन; एक फिटायच्या आत दुसरा दारात. आईची फुलं दरवर्षी कमी होत गेली. त्या दसऱ्याला रांगेत उरलं तेच शिलाई मशीन आणि चेन नसलेली ती सायकल. दाराला तोरणही नाही, कारण दार बँकेचं.

बायको शाळेत शिकवते. तिचा भाऊ बार्शीहून सोनं द्यायला यायचा होता. गाडीचा तोरा तिने माहेरी वर्षभर मिरवला होता. आपल्या पगाराचं काय होतं ते मात्र कधी सांगितलं नव्हतं. आईचा नियम भावालाही ठाऊक होता; बिनहाराची गाडी पाहून त्याला काय ते कळलं असतं. तिने आईला आधी गोडीने सांगितलं, मग दातओठ खाऊन.

"हप्ता हाय तवर गाडी ब्यांकेची," आई म्हणाली. "दुसऱ्याच्या गाडीची पूजा माझ्या दारात व्हायची न्हाय."

"दार तरी कुठं तुमचं आहे, आत्याबाई?"

झालं. बायकोने चौकातून हार आणून गाडीला घातला. आईने काढला. बायकोने पुन्हा घातला. दोघींच्या ओढाताणीत पाकळ्या बोनेटभर सांडल्या, आणि नेमका तेव्हाच मेहुणा आपट्याची पानं घेऊन गल्लीत शिरला. हार अखेर आईच्या हाती आला. पाहुण्यादेखत तो टाकवेना, गाडीला घालवेना. तिने इकडंतिकडं पाहिलं आणि सरळ माझ्या गळ्यात घातला. वर कुंकूही लावलं. मी हात जोडून, डोळे मिटून देवासारखा उभा राहिलो.

ते बायकोला सहन झालं नाही. भावासमोर, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ती बोलून गेली, "माझा सगळा पगार हप्त्यात जातोय, अन् पूजा ह्यांची?"