जरा ढिला टाका

पौडच्या दुकानात मी घरगुती भरतकामाची मशिनं विकायचो. गिऱ्हाइकांना नमुना शिवून दाखवताना दिवसभर पायडल मारून पोटऱ्या भरून यायच्या. नमुन्यातलं फूल उठून दिसावं म्हणून मी दोरा कायम ताणलेला ठेवायचो.

भुकूमची एक म्हातारी मात्र लागोपाठ तीन बाजारांच्या दिवशी आली, ती जुन्या लुगड्याची चार पदरी घडी घेऊन. तिला गोधड्या शिवायच्या होत्या. तिसऱ्यांदाही मी घडीवर शिवून दाखवलं आणि तिने नकारार्थी मान हलवली तेव्हा मी वैतागलो. "मावशी, टाका सरळ पडतोय की!"

"पडतोय, पर लई घट्ट. दमून निजणाऱ्याला जरा ढिलं लागतंय."

"मग हातानंच शिवा."

तिने वाकडी झालेली बोटं पुढे केली. "ही आता सुई धरत न्हाईत."

मी दोरा सैल करून शिवून दिलं. तिने त्या शिवणीवर गाल टेकला, डोळे मिटले. पुढच्या गिऱ्हाइकाला मी हातानेच थांबवलं.